एजंट म्हणतो बिल्ड हिरवा, पानावर मात्र लाल फुली

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एआय एजंटना बिल्डचा (नव्या कोडची आपोआप होणारी बांधणी आणि तपासणी) हालहवाल कळवणारं एक छोटं टूल आहे. एजंट कोड लिहितो, ब्रँच (कोडची वेगळी शाखा) पुश करतो म्हणजे सर्व्हरवर पाठवतो आणि टूलला विचारतो: बिल्ड झाला का, पास की फेल, फेल असेल तर कुठे. टूल गिटहबला, गिटलॅबला (कोड ठेवायच्या आणि बिल्ड करायच्या सेवा) नाहीतर क्लायंटच्या जेनकिन्सला (बिल्ड चालवणारा सर्व्हर) विचारून उत्तर आणतं. एजंट आणि टूल यांचं बोलणं एमसीपीवर चालतं, म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. तुमच्याकडे वेगळी जोडणी असली तरी पुढचं बरंचसं तसंच लागू पडेल.

काम एवढंसं, पण बिघाड ठरलेला. थोडे दिवस गेले की कुणीतरी खुर्ची वळवून म्हणतं, "अरे, तुझा एजंट परत थापा मारतोय." एजंट सहसा थापा मारत नसतो. टूलने जे हातात दिलं तेच तो सांगतो. गोची अशी की "मला माहीत नाही" हे उत्तर टूलने "अजून चालू आहे" किंवा "पास" यात कोंबलेलं असतं. खालच्या तपासण्या करताना हे एवढं डोक्यात ठेवा, अर्धा बिघाड त्यातच सापडतो.

लक्षणं

यातलं कोणतं दिसतंय ते आधी ठरवा. "चालत नाही" एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही.

- पीआरच्या (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) पानावर लाल फुली आहे, एजंट सांगतो "सगळे चेक पास".
- एजंट तासन्‌तास "बिल्ड चालू आहे, थांबतो" म्हणतोय. पानावर बघावं तर बिल्ड कधीच संपलाय, किंवा सुरूच झालेला नाही.
- काही मोडलेलं नसताना एजंट "दुरुस्ती" म्हणून कमिटवर कमिट (कोडमधल्या बदलाच्या नोंदी) ढकलतोय.
- आत्ता सुरू झालेला बिल्ड "साडेपाच तासांपासून अडकला आहे" असं तो सांगतो.
- "रेपो सापडला नाही" म्हणतो, आणि तुमच्या ब्राउझरमध्ये तोच रेपो (कोडचा साठा) उघडा आहे.
- फेल झाल्याचं बरोबर सांगतो, कारण मात्र भलतंच देतो.
- टूलच एजंटच्या यादीतून गायब आहे.

आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा

पैसे लागत नाहीत, मिनिटही लागत नाही, आणि तरी बहुतेक जण हे करत नाहीत. ब्राउझरमध्ये त्या कमिटचं पान उघडा. तिथे काय दिसतं आणि एजंट काय म्हणतो, दोन्ही शेजारी लिहून ठेवा. त्याच वेळी गिटहब किंवा गिटलॅबचं सेवास्थितीचं पानही बघून घ्या. त्यांच्याकडेच गोंधळ चालू असेल तर रन (बिल्डच्या एकेक फेऱ्या) रांगेत पडून राहतात, वेबहुक (काही घडलं की ती सेवा स्वतःहून पाठवते ते निरोप) उशिरा येतात, आणि एरवी ठणठणीत असलेलं टूल वेड्यासारखं वागतं. अशा वेळी सेटिंगला हात लावायचा नाही. गोंधळ निवळल्यावर तुम्ही काय काय बदललं होतं ते तुम्हालाच आठवणार नाही, आणि मग खरा बिघाड सुरू होईल.

टूल नेमक्या कोणत्या कमिटबद्दल बोलतंय?

"पानावर लाल, एजंटकडे हिरवा" या तक्रारीचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं उत्तर इथे आहे. टूल ब्रँचच्या नावाने विचारतं, "या ब्रँचचा शेवटचा रन काय म्हणतो?" एजंटने पुश करून दोनच सेकंद झालेले असतात. नवा रन यादीत आलेला नसतो, म्हणून आधीच्या कमिटचा हिरवा रन हातात पडतो. दादरला इंडिकेटरवर अजून गेलेल्या गाडीचंच नाव दिसत असावं आणि आपण ते वाचून समोरच्या डब्यात चढावं, तसा हा प्रकार.

उपाय सरळ आहे. पुश झाल्यावर एजंटने गिटला (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) हेडचा, म्हणजे ब्रँचवरच्या शेवटच्या कमिटचा, पूर्ण चाळीस अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) विचारायचा आणि टूलला तोच द्यायचा. ब्रँचचं नाव द्यायचं नाही. टूलने उत्तरात तो हॅश परत लिहायचा. हॅश जुळला नाही तर उत्तर "पास" किंवा "फेल" असूच शकत नाही, ते "या कमिटचा रन अजून दिसत नाही" असंच असलं पाहिजे. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या (गिटहबची स्वतःची बिल्ड चालवायची सोय) रनची यादी हेडच्या हॅशने गाळून मागता येते, तेव्हा ही सबब चालणार नाही.

इथेच एक बारीक खाच आहे. पीआरमुळे सुरू झालेल्या वर्कफ्लोच्या (आपोआप चालवायच्या कामांची ठरवलेली मालिका) आत "गिटहब शा" नावाच्या व्हेरिएबलमध्ये जो हॅश असतो तो तुमच्या शेवटच्या कमिटचा नसतो. पीआर मुख्य ब्रँचमध्ये मिसळून बघण्यासाठी गिटहबने तात्पुरता बनवलेल्या मर्ज कमिटचा तो हॅश असतो. तुमची एखादी स्क्रिप्ट त्या हॅशवर निकाल चिकटवत असेल आणि टूल तुमच्या कमिटवर शोधत असेल, तर दोघांची गाठ कधीच पडणार नाही.

जेनकिन्सवाल्यांसाठी थोडं जास्त. बिल्ड सुरू करायची विनंती पाठवली की लगेच "लास्ट बिल्ड" विचारू नका. विनंती आधी रांगेत जाते, वर मूळ सेटिंगप्रमाणे पाच सेकंदांचा शांत काळ असतो. विनंतीच्या उत्तरात "लोकेशन" हेडरमध्ये रांगेतल्या नोंदीचा पत्ता मिळतो. त्या नोंदीला विचारत राहिलं की बिल्ड नंबर मिळतो, आणि मग त्या नंबरालाच धरून राहायचं. एका टूलमध्ये मी "लास्ट सक्सेसफुल बिल्ड" विचारलेलं पाहिलंय. शेवटचा यशस्वी बिल्ड विचारल्यावर तो यशस्वीच निघणार, त्यात एजंटची काय चूक?

बिल्ड मुळात सुरू झाला का?

हॅश बरोबर आहे, पण पानावर रनच नाही. एजंट "थांबतोय" म्हणत बसलाय. तो कशाची वाट बघतोय ते तपासा:

- कमिटच्या मेसेजमध्ये चौकटी कंसात "स्किप सीआय" (म्हणजे बिल्ड चालवू नकोस) आहे का? एजंट जुने मेसेज बघून तसेच नवे लिहितात, आणि हे दोन शब्दही इमानदारीने उचलतात.
- पीआरमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट (मुख्य ब्रँचशी टक्कर होणारे बदल) आहे का? असेल तर पीआरवर चालणारे गिटहबचे वर्कफ्लो सुरूच होत नाहीत. लाल फुली नाही, काही नाही, नुसती शांतता.
- वर्कफ्लोला फाइलींच्या पाथची अट आहे का? फक्त कागदपत्रं बदलली म्हणून वर्कफ्लो वगळला गेला आणि तोच चेक सक्तीचा असेल, तर तो कायम "पेंडिंग" राहतो.
- बाहेरच्या किंवा नव्या माणसाचा पीआर असेल तर रन कुणाच्यातरी मंजुरीसाठी अडून बसलेला असतो.

आणि सगळ्यात फसवं कारण असं: एजंट स्वतःच गिटहब अ‍ॅक्शन्सच्या आत चालतोय आणि तिथे आपोआप मिळणाऱ्या "गिटहब टोकन"ने (टोकन म्हणजे परवानगीची किल्ली) पुश करतोय. त्या टोकनने केलेल्या पुशमुळे नवा वर्कफ्लो सुरू होत नाही. हे गिटहबने मुद्दाम ठेवलंय, नाहीतर वर्कफ्लो स्वतःलाच हाका मारत राहील. म्हणजे एजंट पुश करणार आणि जो बिल्ड कधीच होणार नाही त्याची वाट बघणार. यासाठी गिटहब अ‍ॅपचं किंवा वेगळ्या खात्याचं टोकन लागतं. नुसतं पुन्हा पुन्हा चालवून हे सुटत नाही.

टूलने इथे काय करायला हवं? ठरावीक वेळात, समजा पाच मिनिटांत, त्या हॅशचा एकही रन दिसला नाही तर "रन सुरूच झाला नाही" असं स्पष्ट सांगून मोकळं व्हावं. हे "पेंडिंग"पेक्षा वेगळं उत्तर आहे, आणि ते कळलं तर एजंट निदान माणसाला हाक तरी मारतो.

चुकीच्या खिडकीवर विचारणा

गिटहबवर एका कमिटचे निकाल दोन वेगळ्या ठिकाणी साठतात. जुनी व्यवस्था म्हणजे "कमिट स्टेटस". बाहेरच्या सेवा तिथे आपला निकाल लिहितात. नवी व्यवस्था म्हणजे "चेक रन". गिटहब अ‍ॅक्शन्स तिथे लिहितं. पानावर दोन्ही एकाच यादीत दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. एपीआयमध्ये (प्रोग्रॅमने माहिती विचारायचा मार्ग) मात्र दोन स्वतंत्र पत्ते आहेत.

टूलने फक्त एकत्रित स्टेटस विचारलं आणि रेपोत फक्त अ‍ॅक्शन्स असतील तर उत्तर असं येतं: स्टेट "पेंडिंग", स्टेटसची यादी रिकामी, एकूण संख्या शून्य. हे उत्तर नीट बघा. एकही नोंद नाही, तरी स्टेट "पेंडिंग". नोंदच नसेल तर गिटहब "पेंडिंग" म्हणतं, ते त्यांच्या कागदपत्रांतही लिहिलंय. बिल्ड हिरवा होऊन शिळा झाला तरी हे उत्तर बदलणार नाही. "एजंट तासन्‌तास थांबतो" ही तक्रार आली की मी ती शून्य संख्या आधी शोधतो.

म्हणून दोन्ही खिडक्यांवर विचारायचं आणि दोन्ही निकाल जोडून सांगायचं. एकूण संख्या शून्य असेल तर त्या खिडकीचं उत्तर मोजायचंच नाही.

याच जागी एक दुसरी खोट दडलेली असते, आणि ती जास्त घातक आहे. चेक रनची यादी पानापानाने येते. एका पानावर न सांगता ३० नोंदी मिळतात, मागितल्या तर जास्तीत जास्त १००. तुमचा बिल्ड वेगवेगळ्या व्हर्जनवर आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर मिळून ४० जॉबचा (बिल्डमधली सुटी कामं) असेल आणि फेल झालेला जॉब दुसऱ्या पानावर असेल, तर टूल पहिलं पान वाचून बिनधास्त "सगळे पास" म्हणणार. छोट्या रेपोंवर महिनोन्‌महिने नीट चाललेलं टूल मोठ्या रेपोवर पहिल्याच दिवशी आपटतं ते यामुळे. उत्तरात एकूण संख्या आलेली असते. हातात आलेल्या नोंदी आणि ती संख्या जुळत नसेल तर निकाल जाहीर करायचा नाही, एवढी एक ओळ टूलमध्ये घाला.

शब्दांचे अर्थ

"कम्प्लीटेड" म्हणजे पास नव्हे. चेक रनमध्ये "स्टेटस" आणि "कन्क्लुजन" अशी दोन घरं असतात. स्टेटस काम कुठवर आलं ते सांगतो आणि कन्क्लुजन निकाल. काम चालू असेपर्यंत कन्क्लुजन रिकामं, म्हणजे नल असतं. टूल लिहिणाऱ्याने "फेल्युअर नाही ना? मग ठीक" असा घाईचा विचार केला की नल, कॅन्सल्ड, टाइम्ड आउट, अ‍ॅक्शन रिक्वायर्ड सगळंच पास ठरतं. उलट करा. पास मानायच्या शब्दांची छोटी यादी बनवा आणि तिच्यात नसलेलं काहीही पास नाही असं धरा.

"स्किप्ड"चं काय करायचं हा धोरणाचा प्रश्न आहे. गिटहब वगळलेला जॉब सक्तीच्या चेकसाठी यशस्वी धरतं. माझ्या मते एजंटला तरी "पास, पण हे हे जॉब चाललेच नाहीत" असं नावानिशी सांगावं. टेस्टचा जॉबच वगळला गेलेला असतो आणि एजंट "टेस्ट पास झाल्या" असं पीआरमध्ये लिहून मोकळा होतो. जॉबला "कंटिन्यू ऑन एरर" लावलं असेल किंवा गिटलॅबमध्ये "अलाव फेल्युअर" असेल तर जॉब पडूनही पाइपलाइन (सगळ्या जॉबची मिळून साखळी) पास दिसते. तिथेही तेच करा.

"कॅन्सल्ड"मधून जन्मणारा गोंधळ स्वतंत्र सांगतो, कारण तो पैसे खातो. बऱ्याच रेपोंत अशी सोय केलेली असते की नवा पुश आला की त्याच ब्रँचचा जुना रन आपोआप रद्द व्हावा. एजंट पुश करतो, थोड्या वेळात काहीतरी सुधारून पुन्हा पुश करतो, पहिला रन रद्द होतो. टूल "कॅन्सल्ड"ला फेल समजतं. एजंट ते "दुरुस्त" करायला तिसरा पुश करतो, त्याने दुसरा रद्द होतो. संध्याकाळी कुणी ब्रँच उघडेपर्यंत हे चालूच. उपाय: रद्द झालेल्या रनचा हॅश ब्रँचच्या आताच्या हेडशी ताडून बघा. जुळत नसेल तर "हा रन मागे पडला, नव्या कमिटचं बघ" असं उत्तर द्या.

जाता जाता: "कॅन्सल्ड" हा शब्द गिटहब दोन एल घालून लिहितं, गिटलॅब एकच. दोन्हींसाठी एकच तुलना लिहिलेली असेल तर एकीकडे ती कधीच खरी ठरणार नाही. गिटलॅबमधलं "मॅन्युअल" म्हणजे कुणीतरी बटण दाबायची वाट, त्यावर एजंटने झोपून राहण्यात अर्थ नाही. जेनकिन्समध्ये बिल्ड चालू असताना "रिझल्ट" नल असतो, आणि "अनस्टेबल" म्हणजे बिल्ड झाला पण बहुधा टेस्ट पडल्या. शेलमधून गिटहबची कमांड लाइन वापरत असाल तर "रन वॉच"ला "एक्झिट स्टेटस"चा पर्याय द्या. तो नसेल तर रन पडला तरी कमांड शून्यच परतवते, आणि एजंटसाठी शून्य म्हणजे आलबेल.

टोकन

"रेपो सापडला नाही" असं आलं तर रेपो शोधू नका, टोकन बघा. परवानगी नसलेल्या खाजगी रेपोसाठी गिटहब ४०४ देतं, म्हणजे रेपो आहे की नाही हेही परक्याला कळू नये. टोकनची मुदत संपली का, त्याला चेक आणि अ‍ॅक्शन्स वाचायची परवानगी आहे का, आणि संस्थेत सिंगल साइन-ऑन (सगळीकडे एकच लॉगिन) असेल तर टोकन त्या संस्थेसाठी मंजूर केलंय का, या क्रमाने बघा.

टोकन बरोबर असून टूलला ते मिळतच नाही असंही होतं. तुमच्या टर्मिनलमध्ये टूल चालतं, एजंटने चालवलं की नाही. एजंटचं अ‍ॅप टूलला स्वतः सुरू करतं आणि तुमच्या शेलमधली सगळी व्हेरिएबल त्याला देत नाही. होम, पाथ अशी मोजकीच पोचतात. टोकन एमसीपीच्या कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरच्या नावाखाली वेगळं द्यावं लागतं, आणि प्रोग्रॅमचा पाथ पूर्ण लिहावा लागतो.

विचारण्याचा सपाटा

सकाळी चालतं, जेवणानंतर बंद पडतं, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. असा प्रकार दिसला की रेट लिमिट, म्हणजे ठरावीक वेळात किती विनंत्या चालतील त्याची मर्यादा. गिटहबवर व्यक्तीच्या टोकनला तासाला ५,००० विनंत्या, अ‍ॅक्शन्सच्या आतल्या टोकनला प्रत्येक रेपोमागे तासाला १,०००, आणि टोकन नसेल तर फक्त ६०. हे ६० आयपी पत्त्यावर मोजले जातात. अख्खं ऑफिस एकाच पत्त्याने बाहेर जात असेल तर टोकन हरवलेलं एक टूल सगळ्यांच्या वाट्याचे ६० संपवून टाकतं.

५,००० खूप वाटतात, पण हिशोब करा. एक एजंट दर दहा सेकंदांनी दोन विनंत्या करतो म्हणजे तासाला ७२०. सात एजंट एकाच टोकनवर लावले की ५,०४०. पुढे येणारं ४०३ किंवा ४२९ (विनंती नाकारल्याचे कोड) टूलने "अजून पास नाही" असं वाचलं तर एजंट आणखी जोरात विचारत बसतो.

विचारण्यातलं अंतर वाढवत न्या, तीस सेकंदांच्या खाली येऊ नका. उत्तराबरोबर आलेला ईटॅग (त्या उत्तराची ओळखखूण) पुढच्या विनंतीत पाठवा. काही बदललं नसेल तर ३०४ येतं आणि टोकन लावलेलं असेल तर ती विनंती तासाच्या हिशोबात धरली जात नाही. एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. त्यापुढचा रस्ता वेबहुकचा, पण गिटहबला दहा सेकंदांत पोच लागते आणि चुकलेला निरोप ते स्वतःहून परत पाठवत नाहीत. वेबहुक तुमच्या लॅपटॉपवर येत असेल आणि लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत, तुम्ही बोरिवली लोकलमध्ये, तर तो निरोप गेलाच. वेबहुक लावला तरी अधूनमधून स्वतः विचारून खात्री करणं सोडू नका.

साडेपाच तासांचा घोळ

एजंटने सांगितलेला वेळ आणि खरा वेळ यात बरोबर साडेपाच तासांचं अंतर असेल तर आणखी काही शोधू नका. एपीआय वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) देतं, शेवटी झेड लावून. कुठेतरी ते झेड गळतं आणि सकाळी साडेचार यूटीसी, म्हणजे आपले दहा, हे "भारतीय वेळ साडेचार" असं वाचलं जातं. नुकता सुरू झालेला बिल्ड टूलच्या लेखी साडेपाच तास जुना, म्हणून अडकलेला, म्हणून रद्द. जेनकिन्सचा वेळ मिलिसेकंदांत असतो. तो सेकंद समजून वाचला तर पन्नास हजार सालापुढची तारीख दिसते, ती निदान लगेच ओळखू येते.

अंतर साडेपाच तास नसून काही मिनिटांचं असेल तर मशीनचं घड्याळच चुकलंय. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची असतात. तुमच्या आयटीवाल्यांनी ते केलेलं असतंच, तो रनर (बिल्ड चालवणारं मशीन) मात्र कुणीतरी कोपऱ्यात परस्पर उभा केलेला असतो.

टूल गायब, किंवा कारण भलतंच

टूल यादीतून गायब असेल तर कुणीतरी त्यात नुकतीच प्रिंटची ओळ घातली आहे का ते बघा. स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालणाऱ्या एमसीपी सर्व्हरच्या आउटपुटवर फक्त जेसन-आरपीसीचे (ठरलेल्या साच्यातले) निरोप गेले पाहिजेत. "टोकन मिळालं, सुरू करतोय" अशी निरागस ओळ मध्ये आली की पलीकडच्याला काही कळेनासं होतं. लॉग लिहायचा तर स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर.

कारण भलतं येत असेल तर लॉग कापण्यात घोळ आहे. पूर्ण लॉग एजंटला परवडत नाही, म्हणून टूल शेवटच्या दोनशे ओळी देतं. पण जॉब पडल्यावरही साफसफाईच्या पायऱ्या चालतातच, आणि त्यांचा मजकूर शेवटी येतो. एजंट कॅशेची (वेळ वाचवायला ठेवलेला तात्पुरता साठा) एखादी फालतू वॉर्निंग धरून बसतो आणि कॅशेच बदलून टाकतो. आधी पडलेली पायरी शोधा, तिचाच लॉग घ्या, आणि त्यात पहिली एरर जिथे आली तिच्या आजूबाजूच्या ओळी द्या. बिल्ड टूलपैकी ग्रेडलमध्ये खरं कारण "व्हॉट वेंट राँग" या ओळीखाली असतं, मेव्हनमध्ये पहिल्या एररच्या ओळीत.

रनर

इथून पुढे काम जड आहे. वरचं सगळं झाल्याशिवाय इकडे येऊ नका. जॉब "क्यूड" वरून हलत नसेल तर वर्कफ्लोने मागितलेलं लेबल आणि रनरचं लेबल तेच आहे का बघा. जुळणारा रनर नसेल तर गिटहबवर स्वतःच्या रनरसाठीचा जॉब २४ तास रांगेत राहून मग फेल होतो. डिस्क भरली आहे का बघा, डॉकरच्या जुन्या इमेज हे नेहमीचं कारण. रनर एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबई रीजनमध्ये स्पॉट (स्वस्तात मिळणाऱ्या रिकाम्या) मशीनवर असेल तर दोन मिनिटांच्या सूचनेवर ते मशीन काढून घेतलं जाऊ शकतं, आणि जॉब मध्येच "रनरशी संपर्क तुटला" म्हणून मरतो. अशा फेलला कोडचा फेल म्हणून एजंटकडे देऊ नका. एकदा पुन्हा चालवा, पुन्हा तसंच झालं तर रनर सांभाळणाऱ्याला सांगा.

इथे थांबा, माणूस बोलवा

लॉगमध्ये टोकन किंवा पासवर्ड उघडा दिसला तर बाकी सगळं सोडा. गिटहब नोंदवलेली गुपितं झाकतं, पण बेस६४ (मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहायची पद्धत) वगैरे करून छापलेली झाकली जातीलच असं नाही. एजंट बंद करा, टोकन रद्द करायला सांगा आणि सिक्युरिटीवाल्यांना कळवा. सर्ट-इनला कळवायच्या घटनांसाठी लक्षात आल्यापासून सहा तास मिळतात. ही घटना त्यात बसते की नाही ते तुम्ही किंवा टीम लीडने ठरवायचं नाही, त्यांना ठरवू द्या. म्हणून उशीर नको.

एजंटने लॉगमध्ये किंवा पीआरच्या मजकुरात लिहिलेली एखादी सूचना पाळली असं दिसलं तरी तेच. बाहेरच्या फोर्कचा (दुसऱ्याने घेतलेली रेपोची प्रत) लॉग म्हणजे परक्याने लिहिलेला मजकूर आहे. सार्वजनिक रेपोला स्वतःचा रनर जोडलेला असेल, तर मग मुळीच वाट बघू नका.

क्लायंटच्या जेनकिन्सचा मुख्य सर्व्हर, त्याचे प्लगिन, संस्थेच्या परवानग्या आणि सिंगल साइन-ऑन यांना हात लावू नका, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणी प्रेमाने दिला तरी. प्रॉडक्शनवर सोडणाऱ्या पाइपलाइनचा निकाल टूल चुकीचा सांगतंय असं कळलं, तर एजंटची तिथली परवानगी काढा आणि रिलीज सांभाळणाऱ्याला फोन करा. मार्चअखेरीस बँकेच्या क्लायंटकडे तर "छोटासा बदल" हे शब्दही तोंडातून काढू नका.

बोलावताना हे द्या: पूर्ण हॅश, रनची लिंक, टूलला एपीआयकडून जसंच्या तसं आलेलं उत्तर, एजंटने त्यावर काय म्हटलं ते, आणि वेळ यूटीसी की भारतीय ते लिहून. टोकन खोडून. स्क्रीनशॉट नको, मजकूर चिकटवा.